चौदा धोंड्यांचा जावई आणि उष्टावणाची वाटी

माझ्या पोटाचा पाऊण भाग मी पुण्यातल्या एका इस्पितळात ठेवून आलो, आणि ही गोष्ट कोणालाही सांगायची नाही असं ठरवून भोरला परतलो.

ठरवणं सोपं होतं. मी शाळेत मराठी शिकवतो आणि उरलेल्या वेळात तालुक्यातल्या सत्कारांचं सूत्रसंचालन करतो. (सत्कार कोणाचा आणि कशाबद्दल, हे मला साधारण माइक हातात आल्यावर कळतं.) वीस वर्षांत माझ्या हातांखालून इतक्या शाली गेल्या आहेत, की कोणी कर्तृत्वाबद्दल बोलायला लागलं की मला आधी नारळ दिसतो. अशा माणसाला स्वतःबद्दल काही जाहीर करायची धास्तीच असते.

वजन एकशे बत्तीस किलो होतं. रक्तातली साखर गोळ्यांना जुमानेना, गुडघे जिन्याला जुमानेनात. शेवटी डॉक्टरांनी कागदावर एक चित्र काढून समजावलं. दुर्बिणीतून ऑपरेशन, पाच बारीक भोकं, पोटाचा मोठा भाग काढून टाकायचा. उरतं ते केळ्याएवढं.

"कुठलं केळं?" मी विचारलं. "साधं, की वेलची?"

डॉक्टर हसले नाहीत. माझी बायको सुनंदा त्यांना म्हणाली, "तुम्ही बोला पुढं. यांना सवय आहे."

शाळेत मी हर्निया सांगितलं. हर्निया हा सभ्य आजार आहे. हर्निया झालेल्या माणसाला कोणी 'तोंडावर ताबा ठेवायचा होता' असं म्हणत नाही.

पण हर्निया काढल्यावर माणूस चार महिन्यांत अठ्ठावीस किलोंनी उतरत नाही. भोरच्या बाजारपेठेतून मी जायला लागलो की दुकानदार तागडी थांबवून बघायचे. मुख्याध्यापकांनी एक दिवस बोलावून विचारलं, "सर, रहस्य काय?"

"विशेष काही नाही," मी म्हणालो. "सकाळी चालतो. थोडा संयम."

'थोडा संयम' हे मी नको म्हणायला होतं. पुढच्या शनिवारी मुख्याध्यापकांनी नववी-दहावीची मुलं मैदानावर बसवली आणि विषय दिला, 'संयम'. मी चाळीस मिनिटं बोललो. चांगलं बोललो, हे दुर्दैव. मुलांनी टाळ्या वाजवल्या, मला नारळ मिळाला, आणि खरं सांगायची जी काही वाट शिल्लक होती ती त्या नारळाने बंद केली.

"सांगून टाका की," सुनंदा म्हणायची. "चोरी केलीय का?"

"लोक म्हणतील, आळशी माणूस. कष्ट नकोत म्हणून कापून घेतलं."

"म्हणू देत. गुडघे त्यांचे दुखत होते का?"

"आणि हिर्डोशीला काय सांगायचं?"

इथे मात्र तीही विषय बदलायची.

हिर्डोशी ही माझी सासुरवाडी. भोरहून वरंधा घाटाकडे जाताना डोंगराच्या कुशीत आहे, भाताचं आणि नाचणीचं गाव. तिथे माझ्या सासूबाई राहतात. त्यांना मी मामी म्हणतो. पंचाहत्तरीच्या आहेत, अंगाने काटक, आणि माणसाची पारख त्या फक्त ताटावरून करतात. बावीस वर्षांपूर्वी मी सुनंदाला बघायला गेलो तेव्हा घाबरून चार भाकऱ्या खाल्ल्या होत्या. (घाबरलो की मला भूक लागते. शांत असलो तरी लागायची.) मी हात धुवायला उठलो तेव्हा मामी आत म्हणाल्या ते मला बाहेर ऐकू आलं होतं. "पोरगं पोटभर जेवलं. मनात काय ठिवणारं न्हाई." त्या एवढ्याशा प्रमाणपत्रावर आमचं लग्न झालं.

पुढे तर कहरच झाला. आमच्याकडे तीन वर्षांतून एकदा अधिक महिना येतो. त्यालाच धोंड्याचा महिना म्हणतात. त्यात लेक-जावयाला बोलावून न्हाऊ घालायचं, नवे कपडे करायचे, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं आणि पुरण भरलेले धोंडे जेवायला वाढायचे. धोंडा म्हणजे कणकेचा, मुठीएवढा, आत गच्च पुरण. गेल्या खेपेला मी चौदा खाल्ले होते. माझ्याकडे एम.ए.ची पदवी आहे, ती हिर्डोशीत कोणाला ठाऊक नाही. चौदा धोंडे घाटापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहेत. आणि खोटं कशाला बोलू, मला त्यांचा अभिमान होता. पदवी पुष्कळांकडे असते.

तर माझी अडचण ही होती. ज्या एका गुणावर त्या बाईने मला आपली मुलगी दिली, तो गुण मी पुण्यात काढून आलो होतो.

ऑपरेशनला चार महिने झाले आणि धोंड्याचा महिना लागला. मेहुण्याचा, तानाजीचा, फोन आला.

"दाजी, आयतवारी धोंडं हाईत. आये म्हनती, औंदा चौदाचं सोळा झालं पायजेत."

"बघू," मी म्हणालो.

"बघायचं काय त्यात? खायाचं."

फोन ठेवून मी सुनंदाकडे बघितलं. डॉक्टरांचे नियम फ्रिजवर चिकटवलेले होते: एका वेळी अर्धी वाटी, प्रत्येक घास बत्तीस वेळा चावायचा, जेवताना पाणी नाही, गोड जवळजवळ नाहीच.

"मी निभावून नेतो," मी म्हणालो. "बोलत राहतो. बोलणाऱ्याच्या ताटाकडे कोणी बघत नाही."

"आमच्याकडं तोंडाकडं कोणी बघत नाही," सुनंदा म्हणाली. "ताटाकडंच बघतात."

रविवारी सकाळच्या एसटीने निघालो. कंडक्टर ओळखीचा. मी बाकावर बसलो आणि शेजारी सुनंदापुरती जागा उरली, तेव्हा त्याने माझ्याकडे आणि त्या जागेकडे आळीपाळीने बघितलं. "सर, आज दोघं एका बाकावर?" हर्निया, मी म्हणालो. त्याने मान हलवली, पण पटल्यासारखी नव्हे.

हिर्डोशीत भाताची लावणी उरकली होती, त्यामुळे सगळी भावकी मोकळी होती. ही वाईट बातमी होती. मामी ओवाळायचं ताट घेऊन दारात उभ्या होत्या. मला बघून त्यांचा हात थांबला.

"लई खराब झालात वो." मग सुनंदाकडे वळून, "खायाला घालत न्हाईस व्हय गं ह्यास्नी?"

सुनंदाने माझ्याकडे बघितलं. बावीस वर्षांच्या संसारात मी त्या नजरेचे बरेच प्रकार बघितले आहेत. हा नवीन होता.

न्हाऊन झाल्यावर नवा सदरा-पायजमा आला. शिंप्याने तो तीन वर्षांपूर्वीच्या मापाने शिवला होता. त्यात मी आणि तानाजी दोघे राहिलो असतो आणि एखादा पाहुणाही आला तरी अडचण झाली नसती. खिसे कोपरापर्यंत खोल होते. खिसे बघून मला जी कल्पना सुचली ती त्या क्षणी मला फार हुशारीची वाटली.

पंगत बसली. मधल्या पाटावर मी, दोन्ही बाजूंना भावकी, आणि बरोबर समोर आबा. आबा म्हणजे माझे चुलत सासरे, ऐंशीच्या घरातले, भावकीत शब्द त्यांचाच शेवटचा. आत मामी, सुनंदा, तानाजीची बायको आणि शेजारपाजारच्या मिळून नऊ बायका. जावई जेवून उठल्याशिवाय त्यांच्यातली एकही जेवणार नव्हती. मामी पहाटे चारला उठून चुलीपुढे बसल्या होत्या.

अर्धा धोंडा खायला मला वीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात मी पावसावर, धरणाच्या पाण्यावर आणि शाळेच्या निकालावर बोललो.

"जावईबापू," आबा म्हणाले, "भाशान मागनं. ताट बगा."

अर्ध्या धोंड्यावर माझं केळं भरलं. मग मी तानाजी पाणी आणायला वळला की एक धोंडा उजव्या खिशात टाकायचो, आबा शेजाऱ्याशी बोलले की एक डाव्या. असे चार गेले. मामी दारातून मोजत होत्या. "चार झालं," त्या आत म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात मला तीन वर्षांपूर्वीचा आनंद ऐकू आला. त्या आनंदाच्या भरातच त्या तुपाची लोटी घेऊन बाहेर आल्या आणि ताटातल्या पाचव्या धोंड्यावर ऊन-ऊन तूप ओतत राहिल्या. त्या वळल्या, मी तोही घाईने खिशात घातला.

दोन मिनिटं गेली. आबांनी भाताचा कालवलेला घास तसाच हातात धरला.

"जावईबापू, तुमच्या खिशातनं तूप गळतंय."

पंगत थांबली. पांढऱ्या सदऱ्यावर उजवीकडे एक पिवळा डाग पसरत चालला होता, आणि डावीकडचा त्याला गाठायच्या तयारीत होता. तानाजी जवळ आला. त्याने माझ्या खिशातून एकेक धोंडा काढला आणि ओळीने ताटात मांडला. पोलीस पंचनामा करतात तसा. पाच.

आता जगात इतरत्र एखादा माणूस जेवला नाही तर लोक विचारतात, बरं नाही का? आमच्याकडे धोंड्याच्या पाटावर जावई जेवला नाही तर त्याचं कारण एकच असतं. जावई रुसलाय.

"दाजी," तानाजी हळूच म्हणाला, "काय चुकलं आमचं?"

"काहीच नाही."

"म्हंजे मोटंच काय तरी हाय," आबा म्हणाले. त्यांनी डोळे मिटले आणि बावीस वर्षं मागे गेले. "लग्नात फेटा आदी ह्यांच्या मामाला बांदला. नवरदेव तसाच बसून व्हता. मी तवाच म्हनलं व्हतं, हे धरून बसनार."

मला तो फेटा आठवतही नव्हता. पण कोणीतरी पेटीतून फेटा काढला आणि तो माझ्या डोक्यावर तिथेच, पंगतीत, बांधला गेला. मी 'अहो, तसं नाही' म्हणत होतो, पण फेटा बांधला जात असताना माणसाचं म्हणणं कोणी ऐकत नाही. (हे मी इतरांच्या बाबतीत बघितलेलं आहे.)

फेटा झाला. मी तरी जेवलो नाही.

"मग तांदळाचं असंल," तानाजी म्हणाला. "मागल्या साली आंबेमोहर धाडायचा ऱ्हायला." माळ्यावरून पोतं उतरलं आणि माझ्या उजव्या हाताला उभं राहिलं.

मी तरी जेवलो नाही. कसा जेवणार?

आबांनी दीर्घ श्वास घेतला. "तान्या, काळी कालवड सोड."

तानाजीचा चेहरा उतरला. ती कालवड त्याने बाटलीने दूध पाजून वाढवली होती. पण तो उठला. जावयाच्या मानाचा प्रश्न होता. थोड्या वेळाने माझ्या डोक्यावर फेटा, उजवीकडे पोतं, आणि दारात, माझ्याकडे शांतपणे बघणारी एक काळी कालवड. वीस वर्षं मी ज्या सत्काराला मनातल्या मनात हसत आलो, तो सगळा सत्कार मला न जेवल्याबद्दल मिळाला होता.

तेवढ्यात आतून तानाजीची बायको आली. (मामींना ती आत्या म्हणते.) "आत्या चुलीम्होरनं उठल्या. म्हनत्यात, जावई उपाशी उठनार असतील तर म्याबी आज पानी पिणार न्हाई."

तिच्यामागे सुनंदा दारात येऊन उभी राहिली. ती फक्त एवढंच म्हणाली, "तुम्ही सांगताय, का मी सांगू?"

"मामींना बाहेर बोलाव," मी म्हणालो.

मामी आल्या. पदराने डोळे पुसलेले दिसत होते. मी पाटावरून उठलो, फेटा सावरला आणि सवयीप्रमाणे सुरुवात केली. "माझ्या जठराचा पंचाहत्तर टक्के भाग शस्त्रक्रियेद्वारे…"

पुढे बसलेल्यांपैकी एकाचीही पापणी हलली नाही. सुनंदा पुढे झाली. माहेरी आली की तिची भाषाही माहेरची होते.

"आये, पोट कापून बारीक केलंय ह्यांचं. साखर लई वाढली व्हती. आता केळ्याएवढंच पोट हाय. तुझ्या धोंड्यावर राग न्हाई गं ह्यांचा. जागाच न्हाई."

आबा म्हणाले, "पोट काय सदरा हाय व्हय, आल्टर करून घ्यायाला? रुसवा झाकायला काय पन सांगत्यात."

इथे मला एक गोष्ट कळली. चार महिने मी खरं सांगावं की नाही याचा विचार करत होतो. सांगितल्यावर ते कोणी मानणारच नाही, ही शक्यता मी धरलीच नव्हती. शेवटी एम.ए. झालेल्या, फेटा बांधलेल्या माणसाने भर पंगतीत, सासूसमोर, तुपाने माखलेला सदरा वर केला.

भावकी पुढे सरकली. पाच खुणा होत्या, प्रत्येकी नखाएवढी. बघून सगळ्यांची निराशा झाली.

"येवढ्या भोकातनं?" तानाजी म्हणाला.

"ह्याला आपरेशन म्हनत्यात व्हय?" असं म्हणत आबांनी स्वतःचा सदरा वर केला. त्यांच्या अपेंडिक्सची खूण पायवाटेसारखी लांब होती आणि एका ठिकाणी वळलीसुद्धा होती. "हे आपरेशन." लोकांनी ती आदराने बघितली. माझ्या पाच खुणांचा भाव आणखी उतरला.

आणि मग तानाजीने ते वाक्य उच्चारलं. वाईट मनाने नाही. त्याला खरंच प्रश्न पडला होता. "म्हंजे दाजी, तुमी तसं काय केलंच न्हाई की. झोपला, उठला, बारीक झाला."

ज्या वाक्याला भिऊन मी चार महिने हर्निया सांभाळला, ते हे वाक्य. संयमावर चाळीस मिनिटं बोललेल्या माणसाला त्यावर एक शब्द सुचेना.

सुचला तो मामींना.

"तान्या, गप बस. परवाच्या एकादशीला भगर खाऊन उठलास, आन घटकाभरात फडताळात शेंगदान्याचं लाडू कोन हुडकत व्हतं? ह्यो मानूस चार म्हैनं वाटी-वाटीवर ऱ्हायलाय. माज्या हातचं धोंडं म्होरं असून हात आवरलाय. तू येक दिस आवरून दाव, मंग बोल."

तानाजी कालवडीकडे बघू लागला.

मग मामी माझ्यापाशी आल्या. वाकून त्या पाचही खुणा त्यांनी जवळून बघितल्या.

"दुकलं का वो?"

हे मला चार महिन्यांत कोणीच विचारलं नव्हतं. विचारणार कसं, डॉक्टर आणि सुनंदा सोडून कोणाला माहीतच नव्हतं. त्या दोघांना मी विचारायच्या आतच 'काही नाही' सांगितलं होतं.

"दुखलं," मी म्हणालो.

"मंग सांगायचं न्हाई? म्या आले असते की." आणि त्या आत निघून गेल्या.

त्या परत आल्या तेव्हा हातात चांदीची एक चिमुकली वाटी होती. घरातल्या सगळ्या पोरांचं उष्टावण त्या वाटीने झालं आहे, आमच्या मुलीचंही. त्यांनी वाटीत मऊ आंबेमोहर भात आणि वरण घातलं, धोंडा फोडून पुरणाचा हरभऱ्याएवढा कण वर ठेवला, आणि माझ्यासमोर बसल्या.

"किती येळा चावायचं म्हनलं डाक्टरनं?"

"बत्तीस."

आबांना काम मिळालं. चौदा धोंडे ज्यांनी मोजले होते ते आबा आता माझं चावणं मोजायला लागले, मोठ्याने. सगळी पंगत बत्तिसापर्यंत थांबायची, मग मामी पुढचा चमचा उचलायच्या. बावीस वर्षांत मी त्या घरात इतका सावकाश आणि इतक्या प्रेक्षकांसमोर कधी जेवलो नव्हतो. वाटी रिकामी झाली तेव्हा मामी उठल्या आणि आतल्या बायकांना म्हणाल्या, "वाटी संपली." चौदा धोंड्यांच्या वेळी लागला होता तोच आवाज. मग त्या नऊजणी जेवायला बसल्या.

कालवड परत गोठ्यात गेली. तांदळाचं पोतं मात्र आबांनी परत नेऊ दिलं नाही.

दुपारच्या एसटीला तोच कंडक्टर होता. फाट्यावर त्याने चहा घेतला असावा, कारण मी चढताच तो म्हणाला, "सर, तुम्ही हर्निया म्हणला होता." हिर्डोशीत मोबाईलला एकाच दगडावर उभं राहिलं तर रेंज येते, पण बातमीला तेवढाच दगड पुरतो.

सोमवारी बातमी शाळेत पोचायच्या आत मी स्वतः पोचलो. तेहतीस अनारशांचा डबा शिक्षकांच्या खोलीत उघडला आणि सगळं सांगून टाकलं. मुख्याध्यापकांनी ऐकलं, दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "सर, किती दिवसांची रजा लागते?" (त्यांचं वजन मी सांगणार नाही. आता तो त्यांचा निर्णय आहे.) नववीच्या वर्गातही सांगितलं, की संयमाबद्दल मी अर्धंच बोललो होतो. एका मुलीने हात वर केला. "सर, मग परीक्षेत कुठलं अर्धं लिहायचं?"

आता मी कोणालाच काही सांगत नाही, कारण ते काम मामींनी घेतलं आहे. चौदा धोंड्यांचा उल्लेख त्या हल्ली करत नाहीत. "आमच्या जावयाचं पोट केळ्याएवढं हाय," असं सांगतात, आणि त्यात अभिमान पूर्वीपेक्षा तसूभर जास्तच आहे. आठवड्यातून एकदा त्या दगडावरून व्हिडिओ कॉल येतो. मामींच्या शेजारी कोणी ना कोणी नवीन बाई असते. "हिला पटत न्हाई. जरा दावा की."

मी दाखवतो. आधी डावीकडच्या दोन, मग उजवीकडच्या दोन, आणि जरा थांबून, पोट आत ओढून, मधली. मुख्य पाहुणा शेवटी घ्यायचा असतो, हे मला वीस वर्षांच्या अनुभवाने माहीत आहे.